कडू गडवा

आमच्या घरचं पाणी कडू होतं. विहीर गोड होती, माठही मायनं दहा माठ ठोकून पारखून आणलेला होता. कडू होता तो गडवा. पितळेचा तांब्या, बुडाला पोचा पडलेला, मायच्या माहेराहून आलेला. पाणी प्यायचं तर गडवा, हात धुवायचे तर गडवा, आणि गडवा धरायचा तर तंबाखूच्या हातानं. माय आणि माझी मोठी बहीण अनसूया, जिला मी बाई म्हणायचो, दोघी दिवसभर बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या बोटांना हिरवट काळा रंग चढे आणि तो कडूपणा नखात, भेगांत, हातातल्या काचेच्या बांगड्यांवरसुद्धा जाऊन बसे. हात धुवायला उठलं की आधी त्याच हातानं गडवा धरावा लागे. हात साफ होत, गडवा कडू होई. मग तोच गडवा माठात बुडवला की माठ कडू. ज्याच्या घरी बिडी वळली गेली नाही त्याला हे सांगून कळायचं नाही.

बाप मी लहान असतानाच गेला होता. त्याचा चेहरा मला आठवत नाही, त्याचं खोकणं आठवतं. घरात आम्ही तिघंच. घराचा आवाज म्हणजे पानं कापायच्या कैचीचा कचकच, दोऱ्याचा गुंडा पितळी ताटलीत फिरायचा त्याचा किणकिण, आणि सपरीतल्या, म्हणजे पडवीतल्या, ढेकीचा धप, मग जरा थांबून पुन्हा धप. आजकालच्या पोरांना ढेकी दाखवायला म्यूझियममध्ये न्यावं लागेल, म्हणून सांगतो. लाकडाचा लांब दांडा, पुढच्या टोकाला मुसळ, मागच्या टोकावर पाय. पाय दाबला की मुसळ वर उठतं. पाय सोडला की ते उखळातल्या धानावर पडतं. आजूबाजूच्या बाया आमच्याकडे धान कांडायला यायच्या आणि माय वळता वळता त्यांच्याशी बोलायची. जेवायला भात आणि लाखोरीची दाळ, कधी कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, बाजारच्या दिवशी सुकलेली मासोळी. मी जेवताना पहिला घास मायनं भरवलेला खात नसे. तो कडू लागे. तिला ते माहीत होतं. "तू आपल्या हातानं खाय बाबू," असं म्हणून ती ताट माझ्याकडे सरकवायची. आपल्या पोराला घास भरवायची सोय नव्हती तिला. हे मला तेव्हा समजलं नाही.

मी पाचवीत होतो. अभ्यासात बरा नव्हतो, पण कुठली वस्तू कशी चालते हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नसे. एक दिवस सपरीत बसून ढेकीवरचे पाय पाहून राहिलो होतो आणि डोक्यात आलं की या बायांचे हात मोकळे आहेत, काम सारं पायानं चाललं आहे. मग गडवा तरी हातानं कायले धरायचा? तीन दिवस शाळेला गेलो नाही. केरोसिनचा डबा राखेनं घासून साफ केला. दोन बेचक्या जमिनीत रोवून त्यांच्यावर बांबू आडवा टाकला. एका टोकाला नागऱ्याच्या जत्रेतून आणलेल्या नारळाची करवंटी टांगली, दुसऱ्या टोकाला दगड. करवंटीच्या बाजूनं सुतळी खाली आणून ती एका फळीला बांधली. फळीवर पाय दिला की करवंटी डब्यातल्या पाण्यात बुडे. पाय उचलला की दगड आपल्या वजनानं खाली जाई, भरलेली करवंटी वर येई, वर ठोकलेल्या खिळ्याला तिचा काठ अडे, ती कलंडे आणि पाणी अर्ध्या चिरलेल्या बांबूतून हातावर पडे. एका वेळी एक करवंटी, जास्त नाही. विहीर लांब होती. पाणी दाबल्यानं पडत नव्हतं, पाय सोडल्यावर पडत होतं. ढेकीपासून घेतलं होतं, म्हणून ढेकीच्याच रीतीनं चाले. पुढच्यासाठी ही एक गोष्ट वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावी.

मायनं पहिल्यांदा पाय ठेवला, उचलला, आणि हातावर पाणी पडलं. तिनं गडव्याला हात लावला नव्हता. पुन्हा पाय ठेवला, पुन्हा पाणी. मग राखेनं हात चोळून चोळून धुतले आणि स्वतःचीच बोटं जिभेला लावून पाहिली. "अनसू, कडू नाई लागून राह्यलं वो," ती बाईला म्हणाली. त्या दिवशी तिनं मला भात भरवला. बारा वर्षांच्या पोराला. मी लाजलो, पण खाल्ला. त्या भाताची चव मी आता सांगू शकत नाही. इतकंच सांगतो की ती एकदाच मिळाली.

आता हेमराजबद्दल. गावातल्या सगळ्या घरांना पानं आणि तंबाखू देणारा आणि वळलेल्या बिड्या मोजून नेणारा जो माणूस असतो त्याला आमच्याकडे सट्टेदार म्हणतात. त्याला बिडी पसंत पडली नाही तर तो ती छाटून फेकतो, आणि कोणाच्या बिड्या किती छाटायच्या हे त्याच्या मनावर. दिवसभराची मेहनत त्याच्या दोन बोटांत. हेमराज त्याचा एकुलता एक पोरगा, माझ्याच वर्गात. पायात चामड्याची चप्पल असलेला वर्गातला एकटा तोच. एकदा बापासोबत बिड्या घ्यायला आला आणि यंत्रापाशी उभा राहून पाहत बसला. त्यांच्या घरी काम करणारी बयना, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठी पोरगी, तिनं त्याला पाय ठेवून दाखवलं. ती आमच्याच ढेकीवर धान कांडायची, तिच्या पायाला ते लगेच कळलं. हेमराजनं मात्र पाय लावला नाही. चप्पल ओली झाली असती.

"दोन दिवसासाठी नेतो वो बाई," सट्टेदार मायला म्हणाला. "पोराले पाह्यचं आहे."

माय काय म्हणणार. गडी येऊन बेचक्या उपटून बैलगाडीत टाकून घेऊन गेले. मला वाटलं, सट्टेदाराला यंत्र आवडलं. मी गाडीच्या मागं पळत पळत गड्याला सांगत होतो की खिळा कुठं ठोकायचा, सुतळी किती ढिली ठेवायची. इतका मूर्ख होतो.

तिसऱ्या दिवशी शाळेत प्रदर्शनी भरली. आजूबाजूच्या शाळांचे मास्तर, गोंदियाहून एक सायेब. व्हरांड्यात टेबलं, टेबलांवर पुठ्ठ्याचे ज्वालामुखी, चिंचोक्यांच्या माळा. आणि मधोमध माझं यंत्र. केरोसिनच्या डब्याला पांढरा रंग दिलेला, करवंटीला लाल. बाजूला हेमराज, केसांना तेल, छातीला बिल्ला. बयना फळीवर पाय देऊन पाणी पाडून दाखवून राहिली होती आणि हेमराज पाठ केलेलं बोलत होता, "स्वच्छतेचं महत्त्व ओळखून मी हे यंत्र तयार केलं आहे." सायेब हात पुढे करून हसत होते. बोलणं त्याचं होतं, पाय बयनाचा होता, आणि डोकं माझं होतं. पण डोकं कोणाला दिसत नाही.

मी ओरडलो, "माहं आहे थे! मी बनवलं!"

मास्तरनं माझा कान धरला. सायेब चांगले होते. ते म्हणाले, "थांबा, त्याला बोलू द्या. सांग बाळ, हे कसं काम करतं?"

मी सांगायला गेलो. मायच्या हाताचा कडूपणा, ढेकी, दगड, सारं एकदमच तोंडात आलं. माझ्या बोलीवर दुसऱ्या शाळेची पोरं हसली. मास्तरही हसले. माझं तोंड बंद पडलं. मग सट्टेदार पुढे आला. अतिशय नरम आवाजात बोलायचा तो, कधी ओरडायचा नाही.

"सायेब, याच्या मायलेच बोलवा ना. माय कायले खोटं बोलन?"

मायला बोलावणं गेलं. ती सूप बाजूला ठेवून तशीच आली. हात पदराला पुसत, तंबाखूचा वास घेऊन, इतक्या लोकांत दारातच थबकली. सट्टेदार म्हणाला, "ये बाई, ये. भिऊ नको. हे कोनं बनवलं तेवढं सांग सायबाले. तुहं काम उद्याही सुरूच आहे."

माय यंत्राकडे पाहत राहिली. लाल रंगाच्या करवंटीकडे. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मग म्हणाली,

"हेमराजबाबूनं."

घरी जाताना ती पुढे आणि मी मागं. घरी आल्यावर तिनं भात वाढला, ताट सरकवलं, "जेव बाबू" म्हणाली. मी ताटाला पाय लावला. भात शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरला. बाईनं मला मारलं. मायनं मारलं नाही. ती भात एकेक शीत वेचत बसली आणि वेचता वेचता म्हणाली, "उद्या पानं आनाले जा लागते." बस. एवढंच. याउपर त्या गोष्टीबद्दल ती जन्मात बोलली नाही.

मी दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेलो नाही. मास्तर दोनदा घरी आले, मी धानाच्या कोठीमागं लपलो. आणि तिथंच, कोठीच्या मागं बसून, मी ठरवलं की हेमराजच्या स्वतःच्या तोंडून, याच गावासमोर, हे यंत्र डोमानं, म्हणजे मी, बनवलं हे वदवून घेईन. त्याला मारायचं नाही, त्याचं घर जाळायचं नाही. ते करता आलं असतं. मला त्याचं तोंड पाहिजे होतं. पाचवी नापास पोराची ही प्रतिज्ञा मी सत्तरी उलटेपर्यंत सांभाळली. लोक देव सांभाळतात, मी हे सांभाळलं.

हे लिहिताना माझी सून सुनीता जोडाक्षरं तपासून देते. ती म्हणते, "मामाजी, इतका राग बरा नाई." मी म्हणतो, तू काना-मात्रा पाहा, रागाला हात लावू नको.

यंत्र परत आलं नाही. सट्टेदाराच्या अंगणात पाहुण्यांचे हात धुवायला, बयनाच्याच पायानं चालत, ते दोन पावसाळे उभं होतं, मग वाळवी लागून पडलं. मायनं एकदा, महिनाभरानं असेल, हळूच विचारलं होतं, "बाबू, दुसरं बनवून दे ना." मी म्हणालो, "हेमराजबाबूले सांग. तो बनवते." ती पुन्हा दोनतीन वेळा बोलली. दर वेळी मी तेच उत्तर दिलं. मग तिनं बोलणं सोडलं. बाई लग्न होऊन चिचगडच्या बाजूला गेली, माय एकटी वळत राहिली आणि शेवटपर्यंत कडू गडव्यानं पाणी प्याली. मी सायकलचं दुकान टाकलं, वेल्डिंग शिकलो, दुसऱ्यांच्या विहिरींचे रहाट दुरुस्त केले, भातगिरणीचे पट्टे बसवले. घरच्या मागच्या दारात बांबूच्या दोन बेचक्या रोवायला मला एक सकाळ लागली असती. रोवल्या नाहीत.

हेमराज शिकला, गोंदियात राहिला, शिक्षणसंस्था काढली, हेमराजबाबूचा हेमराजभाऊ झाला. गावाला आला की पांढरे कपडे आणि मागं दोन माणसं. एकदा त्याच्या जीपचं चाक माझ्या दुकानासमोर बसलं. चालक धावत आला. मी म्हणालो, सोल्युशन संपलं. बाजूलाच सोल्युशनच्या डब्या रचलेल्या होत्या, चालकाला दिसत होत्या. "ह्या काय आहेत मग?" तो म्हणाला. मी म्हणालो, "ह्या दुसऱ्यांसाठी आहेत." हेमराज उन्हात दोन तास उभा राहिला, दवनीवाड्याहून दुसरा माणूस येईपर्यंत. सट्टेदार मेला त्या दिवशी गावातली सारी दुकानं बंद होती. मी दुकान उघडं ठेवलं आणि दिवसभर एका वाकलेल्या मडगार्डवर हातोडा मारत बसलो. त्या मडगार्डला इतका हातोडा लागत नव्हता. पण ह्या साऱ्या लहान गोष्टी होत्या. मला तोंड पाहिजे होतं, आणि ते मिळायची वेळ येत नव्हती. माय गेली तेव्हाही ती आली नव्हती.

ती आली कोरोनात. गाव बंद, दुकान बंद, जो तो तोंडाला फडकं बांधून. सुनीता आशा म्हणून काम करते. त्या दिवसांत घरोघरी फिरायची, ताप मोजायची, आणि लोकांच्या हातावर सॅनिटायझरची दवा टाकायची. एक दिवस वैतागून आली.

"मामाजी, बाटली एक आन हात शंभर. ज्यानं त्यानं तीच बाटली धरून दाबली त मंग उपयोग कायचा? ग्रामपंचायतीच्या दारात राशन घ्याले सारं गाव येते. हात न लावता पडली पायजे दवा."

मी खाटेवर बसलो होतो. माझ्या पायाला आठवलं. दोन दिवसांत बनवलं. या खेपेला बेचक्या लोखंडी, वेल्ड केलेल्या. डब्याच्या जागी लोणच्याची मोठी बरणी, दवा उडून जाऊ नये म्हणून तोंडावर रबरी ट्यूबची झडप. करवंटीच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं माप. दगडाच्या जागी सायकलचा एक जुना पायडल. एका वेळी एक माप दवा, थेंब जास्त नाही. आणि पाय सोडल्यावरच पडणारी. सुनीता म्हणाली, "दाबल्यावर पडन असं करा ना, लोकाईले सोपं जाईन." मी म्हणालो, "दाबून धरलं की धार सुरू राहते, बरणी एका सकाळीत रिकामी. सोडल्यावर एकच माप." हे खरंच होतं. पण माझ्या मनात अजून एक कारण होतं आणि ते मी तिला सांगितलं नाही.

ग्रामपंचायतीच्या दारात यंत्र उभं केलं. पहिल्या दिवशी पोरं गोंधळली, पण म्हाताऱ्या बायांना सांगावं लागलं नाही. एकेकीनं पाय ठेवला, उचलला, दवा हातावर. "ढेकीच आहे रे हे," एक म्हणाली. सरपंच खूश. तरुण पोरगा, त्याला जुनं काही माहीत नव्हतं. म्हणाला, "डोमाजी, याचा कार्यक्रम करू. हेमराजभाऊ मास्क वाटाले येऊन राह्यले, त्याइच्याच हातानं उद्घाटन." मी म्हणालो, "कर. माइक लाव." त्यानं लावला.

जमिनीवर चुन्याचे गोल आखलेले, एका गोलात एक माणूस. हेमराज आला. काठी नव्हती, पण पाय घासत चालत होता. माझ्याच वयाचा तो. माइकवर बोलायला उभा राहिला आणि मी मनात म्हणत होतो, बोल, बोल. तो बोलला. "हे यंत्र पाहून मला माझी शाळा आठवली. मी लहान असताना याच गावात अगदी असंच यंत्र तयार केलं होतं, आणि मला बक्षीस मिळालं होतं. आज डोमाजींनी तीच कल्पना..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या गोलात उभा होतो. इतक्या वर्षांनी तो स्वतः चालत तिथंच येऊन उभा राहिला होता.

सरपंचानं फीत कापायला लावली. हेमराजनं हात पुढे केले, बूट फळीवर ठेवला आणि दाबला. काहीच पडलं नाही. त्यानं जोर दिला. सारं वजन टाकलं. हात तसेच पसरलेले. मग वाकून बरणीकडे पाहिलं, हात मागं घेतले, पाय उचलला, आणि माप कलंडून दवा टपकन त्याच्या बुटावर पडली.

"लीक आहे," तो म्हणाला.

"जोरानं दाबा भाऊ," त्याचा एक माणूस म्हणाला. सरपंच काही सांगायला निघाला, मी त्याच्याकडे पाहिलं, तो थांबला. हेमराजनं पुन्हा दाबलं. पुन्हा हात पसरून वाट पाहिली, कंटाळून हात मागं घेतले, पाय उचलला. पुन्हा बुटावर. मास्कच्या आतून बाया हसू लागल्या. ते हसणं दिसत नव्हतं, खांदे हलताना दिसत होते.

"खराब आहे हे यंत्र," तो म्हणाला.

तेवढ्यात मागच्या एका गोलातून बयना निघाली. तीच, सट्टेदाराकडे कामाला असलेली. ऐंशीला टेकलेली, कमरेत वाकलेली, पदरानंच तोंड झाकलेलं. "सरक बाबू," तिनं हेमराजला म्हटलं, गावातली एकटीच आता त्याला बाबू म्हणणारी. फळीवर अनवाणी पाय ठेवला, उचलला, ओंजळीत दवा घेतली आणि चोळत चोळत त्याला म्हणाली, "तवाही पाय माहाच होता ना. तूनं कुठं लावला होता पाय?"

हसणं बंद झालं. मी माझ्या गोलातून बाहेर आलो. हेमराजला भाऊ न म्हणता, बाबू न म्हणता, नुसतं नावानं बोलावलं.

"हेमराज, तूनं बनवलं होतं ना? मंग हे काऊन चालवता येत नाई तुले?"

तो म्हणाला, "डोमा, जुन्या गोष्टी..."

"जुनी तूनंच काहाडली. माइकवर. आता माइकवरच सांग, कोनं बनवलं होतं."

तो इकडे तिकडे पाहू लागला. त्याची दोन माणसं चुन्याच्या गोलात पाय अडकल्यासारखी उभी. गावातलं कोणी मध्ये पडलं नाही. शेवटी त्यानं तोंडावरचा मास्क खाली ओढला. मला त्याच्या ओठावरचा घाम दिसला. तो म्हणाला, "डोमानं बनवलं होतं. आम्ही लहान होतो."

"तू लहान होता. तुहा बाप लहान नव्हता. माही माय सायबासमोर खोटी बोलली, थे कोनाच्या धाकानं?"

माइक शिट्टी मारत होता. मग तो हळू, पण माइकमध्येच, बोलला, "माझ्या बाबांच्या."

"जा आता," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा हात पुढे केले, जणू आता तरी मी त्याला यंत्र चालवून दाखवीन. मी फळी पायानं बाजूला सरकवली आणि तिच्यावर उभा राहिलो. माझ्या यंत्रातला एक थेंब मी त्याच्या हातावर पडू दिला नाही. सुनीता धावत आली, आपल्या पिशवीतली बाटली काढून तिनं त्याच्या हातावर दवा टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर शरमला असता. मी शरमलो नाही. आजही मला त्या दिवसाची शरम नाही. हेमराज नंतर आजारी पडून बरा झाला असं ऐकलं. बरा झाला ते चांगलं. त्याला हे आठवत राहायला पाहिजे.

घरी आल्यावर सुनीतानं चहा ठेवला, कप माझ्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाली, "साऱ्या गावाले यंत्र झालं. घरी एक बनवा ना मामाजी. मी दिवसभर कोनाकोनाच्या घरून येतो, तोच नळ धरतो, तोच माठ."

माझ्या तोंडात उत्तर आलं. पाठच होतं ते. "हेमराजले सांग." मी ते गिळलं.

सुनीता तिथंच उभी होती. मग तिनं विचारलं, "तुमच्या मायले पुन्हा काऊन नाई बनवून देल्लं?"

मी चहा प्यालो. कप धुतला. उत्तर दिलं नाही. अजूनही देत नाही. या वहीतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांबू फोडायला घेतला. लोखंड होतं, पण बांबूच घेतला. मागच्या दाराशी, जिथं माय सूप घेऊन बसायची, तिथं दोन बेचक्या रोवल्या. करवंटी शोधत होतो तर भिंतीतल्या फळीवर मागं पडलेला गडवा हाताला लागला. बुडाला पोचा. माय गेल्यापासून त्याला कोणी घेतलं नव्हतं, धुतलाही नव्हता. मी त्याच्या काठाला जीभ लावून पाहिली. कडू होता. सुनीता म्हणते, इतक्या वर्षांनी कसा राहील कडू, तुम्हाला तसं वाटलं असेल. मी तिला काना-मात्रा पाहायला सांगितलं आहे.

मी तो घासला नाही. तसाच बांबूला टांगला, दुसऱ्या टोकाला दगड बांधला, डब्यात पाणी भरलं. फळीवर पाय ठेवला, उचलला. गडवा भरून वर आला, खिळ्याला अडला, कलंडला. आता सारं घर त्याच्यानं हात धुतं आणि त्याला कोणाचा हात लागत नाही.